रॅपिड डाव वाचायचा कसा: एक डोळा पटावर, एक घड्याळावर

२८ जुलै २०२५, सोमवार. जॉर्जियातल्या बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा शेवटचा दिवस, आणि इकडे कोथरूडला आमच्या घरात एका मोबाइलवर तीन डोकी वाकलेली. नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, म्हणून टायब्रेकचे, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचे, कमी वेळाचे रॅपिड डाव. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली, विश्वचषक जिंकला आणि एकही नॉर्म (या किताबासाठी एरवी स्पर्धांत पुरा करावा लागणारा निकष) हातात नसताना थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. भाची घरभर नाचली. मग पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "मावशी, पण ती जिंकली कशी?"

मी ऐटीत इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, उघडलं. आलेखाची रेघ जिथे खाली कोसळली होती तिथे बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे बघ, इथे हम्पीचं चुकलं."

"हे तुला कळलं की मशीनला?"

पुढचे अनेक रविवार या एका प्रश्नात गेले. सकाळी पोहे, मग पट. भाची, मी आणि शेजारचे आजोबा. तिघांपैकी कुणाचंही रेटिंग सांगण्यासारखं नाही, पण एखादा रॅपिड डाव कुणाच्या मदतीशिवाय कसा उलगडायचा याची एक पद्धत आमच्या हाताला लागली आहे. ज्यांना सोंगट्या कशा चालतात तेवढं येतं आणि मोठ्या खेळाडूंचे डाव बघून पुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी ती इथे मांडते.

आधी वेळेचं गणित

फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमानुसार सुरुवातीचा वेळ अधिक प्रत्येक खेळीमागे मिळणारी वाढ गुणिले साठ, ही बेरीज दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी असेल तर तो डाव रॅपिड. बातुमीच्या त्या दोन डावांत प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंदांची भर होती. १० सेकंद गुणिले साठ म्हणजे १० मिनिटं; १५ अधिक १०, एकूण २५. जागतिक रॅपिड स्पर्धाही याच वेळेवर खेळली जाते. हम्पीने ती दोनदा जिंकली आहे: २०१९ साली मॉस्कोत आणि २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये. न्यूयॉर्कला तर पहिल्याच फेरीत हरली होती, तरी ११ पैकी साडेआठ गुण करून पहिली आली.

आता हे २५ मिनिटांचं प्रकरण जरा वाटून बघा. डाव ४० खेळ्यांचा झाला तर प्रत्येकीच्या वाट्याला १५ मिनिटं आणि ४०० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं ४० सेकंद येतात. सरासरी एका खेळीला साडेबत्तीस सेकंद. लक्ष्मी रस्त्यावर सिग्नल सुटायला याहून जास्त वेळ लागतो. डाव ६० खेळ्यांपर्यंत लांबला तर सरासरी २५ सेकंदांवर येते. ही सरासरी डोक्यात पक्की बसवा. नंतर इंजिन जेव्हा एखाद्या खेळीला लाल रंग देईल, तेव्हा ती खेळी किती सेकंदांत झाली होती हे आठवायला ती उपयोगी पडते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: खेळी चांगली की वाईट हे इंजिन सांगतं, पण ती का खेळली गेली हे घड्याळ सांगतं. नवशिक्याला दुसऱ्या गोष्टीतून जास्त शिकता येतं. स्टॉकफिश या इंजिनसारखं आपण कधीच खेळणार नाही, पण आठ सेकंद उरल्यावर चुकणं आपल्या सगळ्यांच्या नशिबी आहे.

सामान

लाकडी किंवा गुंडाळायचा प्लॅस्टिकचा पट, खऱ्या सोंगट्या. हे हौसेखातर सांगत नाही. मोबाइलवर बाण दाबत गेलं की चाळीस खेळ्या तीन मिनिटांत संपतात आणि डोक्यात काहीच उरत नाही. हाताने घोडा उचलून ठेवला की तो कुठून आला आणि मागे कुठली जागा मोकळी झाली हे दिसतं.

एक वही. अप्पा बळवंत चौकात मिळणारी साधी चौकटीची चालेल. पानावर चार रकाने आखा: खेळीचा क्रमांक, पांढऱ्याचं घड्याळ, काळ्याचं घड्याळ आणि शेवटचा, सगळ्यात रुंद, आपल्या शेऱ्यासाठी.

आणि डाव, घड्याळाच्या नोंदींसकट. हे महत्त्वाचं. रॅपिडमध्ये खेळाडूंना खेळ्या लिहून ठेवायचं बंधन नसतं. मोठ्या स्पर्धांत पटालाच सेन्सर असतात आणि खेळ्या आपोआप संगणकावर जातात. लिचेससारख्या मोफत संकेतस्थळांवर मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात प्रत्येक खेळीशेजारी उरलेला वेळ दिसतो. नुसत्या खेळ्यांची यादी मिळाली आणि वेळ नसेल, तर तो डाव या पद्धतीसाठी बाजूला ठेवा, दुसरा शोधा.

खेळ्या वाचताना एक अडचण येते. इंग्रजी नोंदीत राजाला 'के' लिहितात, म्हणून घोड्याला, नाइटचं पहिलं अक्षर तेच असूनही, 'एन' मिळतं. भाची पहिले दोन आठवडे राजाला घोड्यासारखा उड्या मारायला लावत होती. आम्ही वहीत मराठीच लिहितो: रा, व, ह, उं, घो. प्याद्याला अक्षर नाही. पुढचं अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा: घोएफ३ म्हणजे घोडा एफ३ या घरात.

निकाल झाका

हा टप्पा लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

दिव्या जिंकली हे माहीत असलं की तिची प्रत्येक खेळी धोरणी वाटायला लागते. राजा एक घर सरकला तरी "बघ, कसा शांतपणे आणला" असं तोंडातून निघतं. हरलेलीची तीच खेळी "बचावात्मक" ठरते. मी स्वतः एका डावावर पानभर टिपण लिहिलं होतं: काळ्याने हळूहळू पकड कशी घट्ट केली, पांढऱ्याला श्वास कसा घेऊ दिला नाही, वगैरे. छान जमलं होतं. नंतर घड्याळाचे आकडे लिहून काढले तेव्हा दिसलं की ती "हळूहळू पकड" म्हणजे दोघींनी वेळ जमवण्यासाठी भराभर केलेल्या बारा खेळ्या होत्या आणि स्थिती तेव्हा साफ बरोबरीची होती. पकड माझ्याच डोक्यात होती. पान फाडलं नाही, ठेवलंय. भाचीला अधूनमधून काढून हसायला.

तेव्हा डाव कुणाकडून तरी घ्या. नावं असू देत, निकाल नको. शेवटच्या पाच खेळ्याही त्या माणसाकडेच राहू देत. बातम्यांत येऊन गेलेल्या डावाचा निकाल तुम्हाला आधीच माहीत असतो, तिथे इलाज नाही; पण मग निदान दोन्ही बाजूंनी एकेकदा बसा. पट फिरवा आणि हरलेलीच्या खुर्चीतून डाव पुन्हा बघा. पूर्ण वेगळा दिसतो.

पहिली फेरी: न थांबता

दहा मिनिटांत संपूर्ण डाव पटावर खेळून काढा. विश्लेषण करायचं नाही, तोंड बंद. जिथे खेळी अनपेक्षित वाटली तिथे वहीत पेन्सिलने प्रश्नचिन्ह. बस. आमच्याकडे आजोबांना हे जमत नाही, ते चौथ्या खेळीलाच "आमच्या वेळी" म्हणतात.

सुरुवात: एकच प्रश्न पुरे

डावाच्या सुरुवातीवर नवशिके तासन्‌तास घालवतात. घालवू नका. पहिल्या दहा-बारा खेळ्या या खेळाडू घरून पाठ करून येतात आणि ते घड्याळावर स्पष्ट दिसतं. १५ मिनिटांनी सुरू झालेलं घड्याळ आठव्या खेळीनंतर १५:४० दाखवत असेल, तर त्या बाईने आठ खेळ्यांना मिळून जेमतेम ४० सेकंद वापरले आणि ८० सेकंद कमावले. घड्याळ वाढतंय तोवर स्मरणशक्ती खेळते आहे. पहिल्यांदा ते खाली येऊ लागतं, तिथे डाव खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्या खेळीखाली वहीत रेघ ओढा.

मग त्या पाठ केलेल्या भागातून एकच प्रश्न निवडा: "मला सहज सुचली असती ती खेळी हिने का केली नाही?"

उदाहरण देते. कॅटलन नावाची सुरुवात वरच्या पातळीवर नेहमी दिसते. खेळ्या अशा: १. डी४ घोएफ६ २. सी४ ई६ ३. जी३ डी५ ४. उंजी२ उंई७ ५. घोएफ३ किल्लेकोट ६. किल्लेकोट, आणि इथे काळा सी४ वरचं प्यादं खातो. ७. वसी२. पांढऱ्याचा वजीर आता ते प्यादं परत घेणार. आपल्याला काय सुचतं? बी५! एक प्यादं फुकट मिळालंय, ते दुसऱ्या प्याद्याने धरून ठेवू. पण चांगले खेळाडू तिथे ए६ खेळतात आणि आठव्या खेळीला वजिराला शांतपणे प्यादं परत घेऊ देतात. एवढं औदार्य कशासाठी?

पटावर लावून बघा. ७...बी५ ८. ए४ सी६ (प्यादं धरून ठेवायचंच म्हटल्यावर हे आलंच) ९. ए४ चं प्यादं बी५ वर मारतं, काळा सी६ च्या प्याद्याने परत मारतो. आणि आता १०. घोजी५! घोडा एफ३ वरून हलला, मागचा जी२ वरचा उंट मोकळा झाला आणि त्याची नजर थेट ए८ च्या हत्तीवर गेली, कारण मधली सगळी प्यादी काळ्याने स्वतःच हलवली आहेत. काळा म्हणेल, एफ६ चा घोडा डी५ वर आणून वाट अडवतो. मग ११. वएच७ मात. त्या एफ६ च्या घोड्यानेच एच७ राखलं होतं.

हे पटावर पहिल्यांदा दिसलं तेव्हा भाची दोन मिनिटं काही बोलली नाही. नंतर तिने ए६ या साध्या खेळीसमोर वहीत लिहिलं: "लोभ नको, आधी उंटाकडे बघ." पुढची मुख्य वाट म्हणजे ८. व सी४ वरचं प्यादं खातो, बी५ ९. वसी२ उंबी७, आणि इथून काळ्याचं सगळं स्वप्न सी५ ढकलून मोकळं व्हायचं असतं. पांढरा बऱ्याचदा उंडी२ खेळतो. हेतू हा की उंट ए५ वर जाऊन सी७ च्या प्याद्यावर बसावा आणि सी५ अवघड व्हावं. सुरुवातीतून एवढं कळलं तरी पुढच्या वीस खेळ्यांत दोघी कशासाठी भांडताहेत ते समजतं.

घड्याळाचा रकाना

आता खरं काम. दोन्ही रकाने भरा आणि प्रत्येक खेळीला लागलेला वेळ काढा. सूत्र सोपं आहे: आधी उरलेला वेळ, त्यात भर मिळवा, त्यातून आता उरलेला वेळ वजा करा. समजा आधीच्या खेळीनंतर घड्याळात ६:४० होते आणि या खेळीनंतर ४:५५. तर ६:५० वजा ४:५५, म्हणजे १ मिनिट ५५ सेकंद. भर मिळवायला विसरलात तर प्रत्येक खेळीत दहा सेकंदांची चूक. मी विसरले होते. पूर्ण पान खोडावं लागलं.

रकाना भरून झाला की सगळ्यात मोठे तीन-चार आकडे गोल करा. रॅपिडमध्ये दोन मिनिटं विचार करणं ही मोठी खरेदी आहे. अख्ख्या डावाच्या बजेटचा दहावा हिस्सा. एवढं खर्चायला खेळाडू का तयार झाली? तिथे तीनपैकी काहीतरी घडलेलं असतं. पाठांतर संपलेलं असतं, किंवा पटाची रचना कायमची बदलणारा निर्णय समोर असतो (वजिरांची अदलाबदल करू का, केंद्र बंद करू का), किंवा प्रतिस्पर्ध्याने न अपेक्षिलेलं काही केलेलं असतं. कुठलं, ते शोधायला पटावरची स्थिती आणि त्याआधीची समोरच्या बाजूची खेळी पुरेशी असते.

उलट बाजूही बघा. जिथे थांबायला हवं होतं आणि चार सेकंदांत खेळी झाली, ती जागा. आपल्या डावांत तर हरण्याचं मुख्य कारण हेच असतं.

आणखी एक गंमत. मध्येच दोघी एकाच जागी हत्ती किंवा राजा मागेपुढे करतात, स्थिती पुन्हा तीच येते. नवख्याला वाटतं बरोबरी मागताहेत. कित्येकदा ती नुसती वेळेची कमाई असते: दोन झटपट खेळ्या, वीस सेकंद खिशात. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, म्हणून बढत असलेली खेळाडू त्याआधी वाट बदलते. हे दिसलं की टिपा.

थांबा, झाका, सांगा

गोल केलेल्या चार जागा घ्या. पट तिथवर लावा आणि पुढच्या खेळ्यांवर वहीचं पान ठेवा. मोबाइलवर टायमर: खेळाडूने जेवढा वेळ घेतला तेवढाच तुम्हाला. तिने १ मिनिट ५५ सेकंद घेतले, तुम्हीही तेवढेच. वेळ संपला की तोंडाने खेळी सांगायची आणि कारण एका वाक्यात. "मला वाटलं म्हणून" चालत नाही.

सुरुवातीला या क्रमाने बघा: समोरची आत्ता काय मारू शकते किंवा शह देऊ शकते? माझ्याकडे शह, मार, धमकी काय आहे? आणि यातलं काहीच नसेल तर माझी सगळ्यात निकामी सोंगटी कुठली, तिला काम कसं देऊ? तिसरा प्रश्न वरच्या दर्जाच्या डावांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. चार चांगल्या खेळ्यांपैकी एक निकामी घोडा फिरवून आणण्यासाठी असते आणि प्रश्नचिन्ह आपण नेमकं तिच्यावरच केलेलं असतं.

मग पान उचला. तुमची खेळी जुळली नाही तर लगेच "माझी चूक" लिहू नका. दोन्ही पटावर पाच-पाच खेळ्या पुढे नेऊन बघा. एकदा आमच्या आजोबांची खेळी आणि खेळाडूची खेळी वेगळी आली, नंतर इंजिनने दोन्हींना जवळपास सारखेच गुण दिले, आणि आजोबांनी तो आठवडा संपूर्ण सोसायटीला हा निकाल कळवण्यात घालवला.

डावात खरोखर चूक झालेली असेल तर तिच्यापुढे नुसतं "घोडचूक" लिहून मोकळं होऊ नये. आम्ही तीन शेरे ठरवलेत: "दिसलं नाही", "दिसलं पण मोजता आलं नाही", "मोजलं पण धीर झाला नाही". बाहेरून हा अंदाजच असतो, पण घड्याळ मदत करतं. चार सेकंदांत केलेली चूक बहुधा पहिल्या प्रकारची. दोन मिनिटं विचार करून केलेली दुसऱ्या. आणि दोन मिनिटं विचार करून शेवटी सगळ्यात सुरक्षित, पाय मागे घेणारी खेळी केली असेल, तर मला तिसऱ्याचा वास येतो. तिसरा प्रकार लाखो लोक बघत असताना, विश्वचषकाच्या अंतिम फेरीत होणार नाही तर कुठे होणार?

डावाचा शेवट: दहा सेकंदांवर जगणं

रॅपिडचे मोठे सामने बऱ्याचदा इथे फिरतात. दोघींचं घड्याळ मिनिटाच्या आत, दर खेळीला दहा सेकंदांची भर, पटावर हत्ती आणि थोडी प्यादी. आता विचाराला वेळ नाही. हाताला जे बसलंय तेच खेळलं जातं. म्हणून डावाचा हा भाग समजायचा तर आपल्याला चार-पाच मूळ स्थिती माहीत हव्यात. नाहीतर इंजिन क्षणात बरोबरी, क्षणात जिंकलं असं का म्हणतंय ते कळत नाही.

एकच स्थिती पटावर मांडा. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. बाकी काही नाही. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो: काळ्या राजाला बाजूला व्हावंच लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने सहाव्या ओळीत शिरतो आणि प्याद्याला वाट करून देतो. खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. पांढरा ज्या बाजूला वळेल त्या बाजूला काळा समोर येऊन उभा राहतो. आता तेच प्यादं एक घर मागे, ई३ वर ठेवा. खेळी पांढऱ्याची. तो ई४ ढकलतो, आणि मघाचीच स्थिती, पण आता खेळी काळ्याची. पांढरा जिंकला. प्यादं मागे असल्यामुळे जिंकला!

आता कल्पना करा, पटावर एकेक हत्ती शिल्लक आहे, घड्याळात नऊ सेकंद आहेत आणि हत्तींची अदलाबदल करून अशा स्थितीत उतरायचं की नाही ते ठरवायचं आहे. प्यादं ई३ वर राहील की ई४ वर, आणि खेळी कुणाची असेल, यावर अख्खी स्पर्धा. रॅपिडमध्ये सगळ्यात महाग चुका अशा अदलाबदलीच्या खेळीत होतात, कारण एकदा मारलं की परत फिरता येत नाही. डावाच्या शेवटच्या भागात प्रत्येक अदलाबदलीपाशी थांबा आणि उरलेली स्थिती मांडून बघा.

हत्तींच्या शेवटांपैकी दोन शिका. बचावात असाल तर फिलिडोरची रीत: आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती (प्यादं ढकलणाऱ्याच्या बाजूने मोजलेल्या) सहाव्या ओळीवर पहारा देत उभा, आणि प्यादं त्या ओळीत घुसलं की हत्तीने पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह द्यायचे. आक्रमणात असाल तर लुसेनाचा पूल: प्यादं सातव्या ओळीत, राजा त्याच्या पुढे अडकलेला, हत्ती चौथ्या ओळीत आणून शहांपासून राजाला आडोसा. हे दोन्ही एका रविवारी होतात. त्यानंतर हत्तींचे डाव बघताना बचाव करणारी खेळाडू फिलिडोरकडे पळते आहे आणि समोरची तिला तिकडे पोचू देत नाही, ही झटापट दिसायला लागते.

आता इंजिन

एवढं सगळं वहीत उतरल्यावर, आधी नाही. स्टॉकफिश मोफत आहे आणि लिचेसमध्येच चालतं. शून्य म्हणजे समसमान, अधिक चिन्ह पांढऱ्याकडे, वजा काळ्याकडे. आकडा ढोबळमानाने प्याद्यांत मोजा.

एकाऐवजी तीन पर्याय दाखवायला सांगा. पहिल्या तीन खेळ्यांचे आकडे जवळजवळ असतील तर तिथे चुकायला फारशी जागा नव्हती. पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला वजा पाच असेल, तर खेळाडू अरुंद कठड्यावरून चालत होती. दोन्ही ठिकाणी इंजिन वर "समसमान" असंच लिहितं! नवशिक्यांना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. एका बाजूला कुठलीही खेळी चालते आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक वेळी एकच, अशा बरोबरीत दहा सेकंदांच्या घड्याळावर दुसरी बाजू कधी ना कधी घसरते. जिंकणाऱ्या खेळाडूने काहीच जादू केली नाही असं वाटतं; तिने फक्त समोरचीला त्या कठड्यावर जास्त वेळ चालवलं. आलेखाची रेघ शेवटी कोसळते, पण डाव आधीच तिकडे झुकलेला असतो. मी पहिल्या दिवशी भाचीला जे बोट ठेवून दाखवलं होतं, ते म्हणूनच अर्धंच उत्तर होतं.

इंजिनच्या सोळा खेळ्यांच्या ओळी वहीत उतरवू नका. तुमच्या चार जागांवर तुमचं आणि त्याचं मत कुठे वेगळं आलं तेवढंच लिहा. त्याचा पर्याय पटावर खेळून कळला नाही तर सरळ "कळलं नाही" लिहा. आमच्या वहीत असे बरेच आहेत.

कुठले डाव घ्यायचे

"मुलीला मुलींचेच डाव दाखवायचे का?" असं एका आईने विचारलं. मुलालाही दाखवा. नियम तेच, घड्याळ तेच. पण नागपूरची मुलगी खेळते आहे म्हटलं की आमची भाची तोच डाव तिसऱ्यांदा बघायला तयार होते, हा फायदा मी का सोडू? आणि पुण्याला हे काही परकं नाही. २००९ साली मुलींची जागतिक कनिष्ठ विजेती झालेली सौम्या स्वामिनाथन पुण्याची, ईशा करवडे पुण्याची. एप्रिल २०२५ मध्ये हडपसरच्या अमनोरात महिला ग्रां प्री या स्पर्धामालिकेचा टप्पा झाला तो हम्पीने जिंकला, आणि त्याच स्पर्धेत दिव्याही होती. तीन महिन्यांनी बातुमीत दोघी समोरासमोर.

सुरुवात बातुमीच्या दोन रॅपिड डावांपासूनच करा, आधी बरोबरीचा, मग निकाली. पुढे अलेक्सांद्रा गोर्याचकिना घ्या. २०१४ साली पुण्यात जागतिक कनिष्ठ स्पर्धा झाली तेव्हा मुलींचं विजेतेपद तिने इथेच जिंकलं. २०२० साली जगज्जेतेपदाच्या लढतीत ज्यू वेन्जुनशी तिची ६-६ अशी बरोबरी झाली आणि रॅपिड टायब्रेकमध्ये ती हरली. २०२३ साली बाकूला विश्वचषकाची अंतिम फेरी नुर्ग्युल सालिमोवाविरुद्ध पुन्हा टायब्रेकला गेली आणि ती तिने जिंकली. एकाच खेळाडूचे तीन वर्षांच्या अंतराचे डाव, घड्याळाच्या रकान्यांसकट शेजारी ठेवून बघायला मजा येते. तेवढं झालं की २०१९ च्या मॉस्कोतले हम्पी आणि लेइ टिंगजिए यांचे प्लेऑफचे, म्हणजे पहिला क्रमांक ठरवणारे, डाव.

एका डावाला दोन रविवार द्या. पहिल्या दिवशी घड्याळाच्या रकान्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी उरलेलं. मध्ये आठवडा गेला की डोकं आपोआप त्या चार जागांभोवती फिरत राहतं. भाचीला एकदा गणिताच्या तासाला उत्तर सुचलं आणि ते तिने गणिताच्याच वहीत लिहिलं, त्यावर बाईंचा लाल शेरा आला तो वेगळा.

निकाल झाकायचं काम मात्र विश्वासू माणसाकडे द्या. आमच्याकडे ते आजोबांकडे आहे. ते तोंडाने काही सांगत नाहीत, पण जिंकणारी खेळी जवळ आली की त्यांच्या मिशा हलायला लागतात. हल्ली त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवतो.